वीरगळाची नोंद कशी करावी : सातारा-सांगलीच्या गावांसाठी

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या नावाने उभा केलेला कोरीव दगड. शब्द कन्नडमधून आलाय, वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. गावात मात्र त्याला कुणी वीरगळ म्हणत नाही. कुठं तो म्हसोबा असतो, कुठं वेताळ, कुठं नुसता ‘पांडवांच्या वेळचा दगड’. भैरोबाच्या नाहीतर महादेवाच्या देवळाबाहेर, वडाच्या पारावर, तळ्याच्या काठी किंवा ओढ्याच्या पायरीत तो सापडतो. वाई तालुक्यातलं किकली एकाच देवळाच्या आवारातल्या वीरगळांसाठी ओळखलं जातं, पण दोन-चार दगड असलेली गावं दोन्ही जिल्ह्यांत भरपूर आहेत आणि बहुतेकांची नोंद कुठंच नाही. जीर्णोद्धार निघाला की दगड हलतात, रंगतात किंवा सिमेंटात जातात. म्हणून आधी नोंद, मग बाकी सगळं. पैसे फारसे लागत नाहीत. लागतो तो प्रकाश आणि धीर.

सामान असं घ्या: मोबाइल, तिकाटणं (ट्रायपॉड), पाच मीटरचा टेप, होकायंत्र (मोबाइलमधलं चालतं, फक्त लोखंडी दारापासून लांब उभं राहून बघा), आलेख कागद, पेन्सिल, मऊ केसांचा दोन इंची रंगाचा नवा ब्रश, चांगला टॉर्च आणि साधारण एक बाय दीड फुटाचा आरसा. शिवाय ५० सेंटिमीटरची एक लाकडी पट्टी, दर १० सेंटिमीटरला काळी-पांढरी रंगवलेली. खडू, पीठ, तेल, तारेचा ब्रश आणि ॲसिड घरीच ठेवा.

गावात शिरताना

आधी गुरवांना भेटा, नाहीतर पुजाऱ्यांना, आणि सरपंच व पोलीस पाटलांच्या कानावर घाला. ही नुसती रीत नाही. जुन्या दगडाभोवती टॉर्च आणि टेप घेऊन फिरणारी अनोळखी माणसं दिसली की गुप्तधनाचा संशय येतो, आणि तो येणं चूकही नाही. काय करणार, काय करणार नाही, ते आधीच सांगा: फोटो काढणार, मापं घेणार, दगड हलवणार नाही, उकरणार नाही, शेंदूर काढणार नाही.

मग म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि विचारा, “मामा, ह्यो दगड हितलाच, का कुठनं आणलाय?” या एका प्रश्नाचं उत्तर पुढच्या सगळ्या मापांपेक्षा मोलाचं असतं. मूळ जागा गेली की निम्मी माहिती गेली. शिवेवरचा वीरगळ शिवेच्या भांडणाकडे बोट दाखवतो, तळ्याकाठचा वेगळ्या कारणाकडे. पण गेल्या जीर्णोद्धारात सगळे गोळा करून भिंतीला ओळीने लावले असतील, तर त्या ओळीला काहीच अर्थ नाही. नारळ कधी फोडतात, कोणत्या घराचा मान आहे, नवस कशाचा बोलतात, हेही लिहून घ्या. मात्र ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

आधी नाव द्या

दगडाला गावाच्या नावाने क्रमांक द्या: किकली १, किकली २. इतकं साधं वाटतं, पण नोंदी इथंच फसतात. “देवळाच्या डावीकडचा तिसरा” हा पाच वर्षांनी कुणालाच सापडत नाही. स्कॉटलंडमध्ये पिक्ट या तिथल्या जुन्या लोकांच्या कोरीव शिळा आहेत, आपल्या इथल्या बहुतेक वीरगळांच्या आधीच्या काळातल्या. त्यातल्या कित्येकांच्या एका अंगाला क्रूस आणि मागच्या अंगाला घोडेस्वार, शिकार, लढाई. १९०३ साली ॲलन आणि अँडरसन या दोघांनी तोवर माहीत असलेल्या शिळांची सविस्तर यादी छापली आणि त्यांचे तीन वर्ग पाडले. त्या वर्गांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण आजही अभ्यासक ‘ॲबरलेम्नो २’ (ॲबरलेम्नो गावचा दोन क्रमांकाचा दगड) म्हणाला की जगात कुठंही तो एकच दगड समजतो. आपल्याकडे हेच हवंय. क्रमांक दगडावर लिहायचा नाही. पाटीवर लिहून पाटी फोटोत ठेवायची.

जागा मोबाइलच्या जीपीएसने घ्या, पण त्यात पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो आणि एका पारावर सहा दगड असले की ती नोंद निरुपयोगी ठरते. म्हणून देवळाच्या उंबऱ्याच्या मध्यापासून टेपने अंतर आणि होकायंत्राने दिशा घ्या. दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही लिहा. ते पुढच्या कामाला लागणार आहे.

ऊन कसं पकडायचं

वीरगळावरचं कोरीवकाम उथळ असतं आणि आठशे-हजार वर्षांच्या पावसाने आणखी बसलेलं असतं. समोरून प्रकाश पडला की सगळं सपाट दिसतं. प्रकाश दगडाच्या अंगाला चाटून गेला पाहिजे, १०-१५ अंशांच्या कोनात. मग दिसेनाशी झालेली ढाल, घोड्याचा लगाम, अप्सरेचा हात अंगावर सावली घेऊन वर येतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दगड दुसराच वाटतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडाचा फोटो सकाळी सातला काढणं. त्या वेळी ऊन थेट समोरून असतं. त्या दगडाला चाटणारं ऊन मिळतं ते उन्हं तोंडावरून जायच्या जरा आधी. सातारा-सांगलीत खरी दुपार घड्याळाच्या साडेबाराच्या आसपास होते, म्हणून पूर्वाभिमुख दगडाला साडेअकरा ते सव्वाबारा ही वेळ धरा. पश्चिमाभिमुख दगडाला पाऊण ते दीड. दक्षिणेकडे तोंड असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दिवस उगवल्यावर आणि मावळण्याआधी तासभर, कारण तेव्हा सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेला उगवतो आणि ऊन बाजूने येतं. उत्तराभिमुख दगडाला हिवाळ्यात ऊन लागतच नाही. त्याच्यासाठी एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत या. सूर्य पूर्वेच्या उत्तरेला सरकलेला असतो आणि सकाळचा पहिला तास-दीड तास ऊन त्या तोंडावरून आडवं जातं. जूनमध्ये तेच ऊन मिळालं असतं, पण तोवर आभाळ भरलेलं असतं.

एवढी वाट बघणं जमणार नसेल तर आरसा काढा. दगड सावलीत, आपण उन्हात, आणि एक जण दगडाच्या बाजूला पाच-सहा मीटरवर आरसा धरून उभा. कवडसा दगडाच्या कडेवरून आडवा सोडायचा. शिलालेख वाचणाऱ्यांची ही फार जुनी युक्ती आहे आणि दिवसाउजेडी टॉर्चपेक्षा ती कितीतरी सरस आहे. टॉर्च गाभाऱ्यात किंवा अंधार पडल्यावर वापरा. टॉर्च दगडापासून मीटरभर लांब आणि जवळजवळ दगडाच्या पातळीत धरा. फार जवळ धरलात तर अर्धा दगड पांढरा होतो आणि अर्धा काळा.

प्रत्येक चौकटीचे (दगडावर एकावर एक कोरलेल्या प्रत्येक कप्प्याचे) किमान चार फोटो घ्या: प्रकाश डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. उभी रेघ आडव्या प्रकाशात दिसते, आडवी रेघ वरून पडणाऱ्या प्रकाशात, म्हणून एकाच बाजूचा फोटो अर्धवट सांगतो. डावीकडून तलवार वाटलेली गोष्ट वरच्या प्रकाशात नुसती भेग निघते, असं वारंवार होतं.

मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. दगडापासून तीनेक मीटर मागे जाऊन दुप्पट झूमने काढा. जवळून रुंद लेन्सने काढलं की दगडाच्या कडा वाकतात आणि वरचा भाग निमुळता दिसतो. दगडाच्या मध्याइतक्या उंचीवर मोबाइल धरा. त्यासाठी बहुतेक वेळा गुडघ्यावर बसावं लागतं. पट्टी दगडाच्या तोंडाच्या पातळीत ठेवा, पुढे नाही आणि मागेही नाही. क्रम असा: आधी परिसरासकट, मग पूर्ण तोंड, मग एकेक चौकट, मग दोन्ही कडा, पाठ आणि माथा. पाठ वगळू नका. काही वीरगळ खांबासारखे चारही अंगांनी कोरलेले असतात आणि भिंतीला टेकलेल्या दगडाच्या मागं काय आहे ते कुणी पाहिलेलंच नसतं.

त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर ढगाळ दिवस निवडा, म्हणजे सावल्या सरकत नाहीत. तीन उंचींवरून दगडाभोवती फिरत ६० ते ८० फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येऊ द्या. मेशरूम ही फुकट मिळणारी प्रणाली ते जोडून देते, फक्त त्या संगणकात एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड हवं.

हात कुठवर लावायचा

सुका पालापाचोळा हाताने काढा, सुकी धूळ मऊ ब्रशने वरून खाली झटका. बस. दगडफूल खरवडू नका. मसाल्यातलं असलं तरी इथं त्याचे धागे दगडाच्या कणांत शिरलेले असतात आणि ओढलं की कोरीवकामाचा पापुद्राही निघतो. शेंदराला हात लावू नका. तो कुणाचा तरी देव आहे, आणि तेल-शेंदराचं जाड कवच उचकटताना आतले नाकडोळे त्याच्याबरोबर येतात. खडूने किंवा पिठाने रेघा भरणं हा सगळ्यात लाडका उपद्रव. आपला काळा दगड बऱ्याचदा सच्छिद्र असतो. खडू त्या छिद्रांत बसतो आणि वर्षानुवर्षं निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे भरणाऱ्याला जे दिसलं तेच पुढे सगळ्यांना दिसत राहतं. पाणी मारून फोटो काढू नका, ओला दगड चमकतो.

लेख असेल तर कागदी ठसा घेण्याचा मोह होतो. ते काम शिकलेल्या माणसाचं आहे. ओला कागद फाटला की शाई थेट अक्षरांत जाते. तुम्ही आरशाच्या कवडशात भरपूर फोटो घ्या.

आणि उकरू नका, हे फार महत्त्वाचं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, म्हणजे गोष्टीची सुरुवात सगळ्यात खालच्या चौकटीत असते आणि नेमकी तीच मातीत गेलेली असते. कृष्णा-वारणेकाठच्या गावांत तर दर मोठ्या पुराने गाळ चढतो. मोह होतो, पण बुंध्याजवळची माती हीच दगड मूळ जागी आहे की नाही याचा पुरावा असते. स्कॉटलंडमधल्या हिल्टन ऑफ कॅडबॉलच्या शिळेची खालची बाजू तुटून जमिनीतच राहिली होती. २००१ च्या उत्खननात तो बुंधा सापडला आणि शिळा मुळात कशी उभी होती ते त्यावरून कळलं. फावड्याने कुणी आधीच उकरलं असतं तर ते कळलंच नसतं. त्याच शिळेच्या तोंडावरचा क्रूस १६७६ साली एका कुटुंबाच्या स्मरणलेखासाठी छिलून टाकला होता. आपल्याकडे देणगीदारांची नावं कोरायला जुनाच दगड घेतात तेव्हा अगदी हेच घडतं. तर नोंदीत लिहा: “दिसणारी उंची अमुक, खाली गाडलेला भाग असण्याची शक्यता.”

मापं आणि रेखाटन

जमिनीपासूनची उंची, रुंदी आणि जाडी घ्या. रुंदी आणि जाडी वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, कारण दगड क्वचितच सरळ असतो. मग प्रत्येक चौकटीची उंची आणि मधल्या पट्टीची जाडी. उठावाची खोली मोजायला चौकटीच्या कडांवर पट्टी आडवी टेकवा आणि तिच्यापासून आत काडीने माप घ्या.

रेखाटन आलेख कागदावर, कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे दगडावरचे दहा. फोटो असताना रेखाटन कशाला, असं विचारतात. फोटो काढताना माणूस बघत नाही, रेखाटताना हाताला थांबावं लागतं: हा पाय कुणाचा, ढाल कोणत्या हातात, या दोघांच्या मध्ये काय आहे. दोघांनी एकमेकांचं न बघता काढावं आणि मग ताडून पाहावं. जिथं दोघांचं जुळत नाही तिथं तुटक रेघ. झिजलेली जागा अंदाजाने भरायची नाही.

काय बघायचं

साधारण तीन किंवा चार चौकटी असतात. सगळ्यात खाली वीर पडलेला किंवा लढाई चाललेली. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून, बहुधा शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य: चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो.

खालची चौकट सावकाश वाचा. गाई कोरलेल्या असतील तर गोधन राखताना मरण आलं. पूर्वी गुरं पळवण्यासाठीच गावांवर हल्ले होत. घोडेस्वार किती, पायदळ किती, वीर कोणता (तो बहुधा मोठा कोरलेला असतो), भाला, धनुष्य की तलवार, ढाल गोल की लांब, हे सगळं मोजून लिहा. जहाजं दिसली तर मात्र सातारा-सांगलीत आश्चर्य म्हणायचं. ते बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांचं वैशिष्ट्य आहे. वाघ किंवा रानडुक्कर असेल तर लढाईऐवजी शिकारीतलं मरण असू शकतं.

शेजारचे दगड वेगळे ओळखायला शिका. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात खांबातून वर आलेला असेल तर ती सतीशिळा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री असेल तर तो गधेगाळ. त्याचा वीराशी संबंध नाही, दान मोडणाऱ्याला दिलेला तो शाप आहे. सांगलीकडच्या जैन वस्तीच्या गावांत वरच्या चौकटीत लिंगाऐवजी ध्यानस्थ जिन (तीर्थंकर) दिसला तर ती निषिधी असू शकते, म्हणजे सल्लेखना (अन्नपाणी सोडून स्वीकारलेलं मरण) घेतलेल्याचं स्मारक. त्याला वीरगळ लिहून टाकणं ही मोठी चूक.

लेख दिसला तर लिपी बघा. जत, मिरज, कवठेमहांकाळकडे जुनी कन्नड असण्याची शक्यता धरूनच चला. ओळी किती, प्रत्येक ओळीत अक्षरं किती ते मोजा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा. शक वर्ष सापडलं तर ७८ मिळवा: शके ११०० म्हणजे इ.स. ११७८-७९.

आणि काळाबद्दल हात राखून लिहा. लेख नसलेल्या दगडाला ‘शिवकालीन’ किंवा ‘शिलाहारकालीन’ म्हणून बातमी देण्याची घाई फार होते. इथं कल्याणीचे चालुक्य होते, कोल्हापूरचे शिलाहार होते, १२१२ च्या सुमारास सिंघण यादवाने ते राज्य घेतलं. नुसत्या ढालीच्या आकारावरून यातला कोण ते ठरत नाही. ॲबरलेम्नो २ च्या पाठीवर लढाईचं अप्रतिम दृश्य आहे. ते ६८५ सालच्या एका प्रसिद्ध लढाईचंच, असं कित्येक दिवस छातीठोकपणे सांगितलं गेलं. दगडावर तसं अक्षरही नाही. तुमच्या नोंदीत “लेख नाही, काळ अनिश्चित” असं असेल तर ती कमी दर्जाची ठरत नाही. चुकीचं शतक एकदा छापलं की ते पुसायला दोन पिढ्या जातात.

जीर्णोद्धार निघाला असेल तर

मंडळाच्या बैठकीत जा, भांडायला नव्हे, चार गोष्टी सांगायला. ऑइलपेंट लावू नका. तो बारीक कोरीवकाम बुजवतो आणि पुढे काढताना दगड खरवडला जातो. सिमेंटात बसवू नका. सिमेंट दगडाला घट्ट धरतं, परत काढायचं झालं तर दगड तुटण्याची भीती असते. वाळूच्या फवाऱ्याने किंवा ग्राइंडरने घासू देऊ नका. आणि फरशी घालताना दगडाभोवती वीतभर जागा उघडी सोडून तिथं खडी टाका, म्हणजे पाणी बुंध्याशी साचत नाही.

दगड हलवावाच लागणार असेल तर परवानगीशिवाय नको. त्यासाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या पुणे विभागाशी ग्रामपंचायतीमार्फत पत्रव्यवहार करा. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. वजनाचा अंदाजही आधी घ्या. मीटरभर उंच, ४५ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड काळा दगड अडीचशे किलोच्या वर भरतो. चार तरण्या पोरांनी खांद्यावर घेतला की सुटतो, आणि सुटला की वरची चौकट आधी तुटते. साखळी नको, रुंद नायलॉनचे पट्टे, खाली गोणपाट, आणि दगड नेताना तोंड वर. उचलण्याआधी जागच्या जागी सगळे फोटो आणि मापं झालेली हवीत.

ॲबरलेम्नोच्या शिळा थंडीत लाकडी पेट्यांनी झाकतात, कारण तो वालुकाश्म आहे आणि बर्फाने फुटतो. आपल्या काळ्या दगडाला पेटी लागत नाही. त्याला माणसांपासून जपावं लागतं.

नोंद झाली की तीन प्रती करा: ग्रामपंचायतीला, गावच्या शाळेला आणि पुरातत्त्व विभागाला. जिल्ह्याच्या संग्रहालयाला चौथी दिली तर उत्तम. फोटोंची नावं बदलून गाव, क्रमांक, दिशा, तारीख अशी ठेवा. मोबाइलने दिलेली आकड्यांची नावं ठेवलीत तर दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाहीत. सुटे, दोघांना उचलता येतील असे छोटे दगड असतील तर त्यांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, चोरीला जातात. गावाचं नाव पुरे. दरवर्षी पाऊस संपला की त्याच जागेवरून, त्याच वेळी, एक फोटो पुन्हा काढा आणि आधीच्याशेजारी लावून बघा: नवी भेग, नवा रंग, झुकलेला कोन, सगळं त्यातच कळतं.